मदत हवी आहे: सगळे माग सुरू झाले की ईएलसीबी पडतो, वायरमन म्हणतो काढून टाका

नमस्कार मंडळी. सोलापुरात अक्कलकोट रोडला काकांचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. १२ माग, प्रत्येकाला १ एचपीची थ्री फेज मोटर. मोटरी जुन्या, बऱ्याचशा रिवाइंड केलेल्या. मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा फोर पोल आरसीसीबी आहे (वीज गळायला लागली की पुरवठा तोडणारा स्विच, इथे सगळे त्याला ईएलसीबीच म्हणतात). सकाळी चार-पाच माग चालतात तोवर गप्प, सगळे लागले की खटकन पडतो. जॉबर (मागांची देखभाल करणारा) एखादा माग बंद ठेवतो, त्या दिवशी चालतं. दुसऱ्या दिवशी तोच माग बंद ठेवूनही पडतो.

उन्हाळ्यात सूत तुटू नये म्हणून फरशीवर पाणी मारतात. कामगार अनवाणीच. कोपऱ्यातल्या मागाला हात लागला की झिणझिणतं, असं दोघंजण सांगतात. टेस्टरही तिथे मंद पेटतो. वायरमनचं म्हणणं, "अर्थिंग आहे ना, मग डायरेक्ट करून टाकतो." काका म्हणतात, मागाला एवढं तेवढं झिणझिणायचंच. मला हे पटत नाही, पण काकांपुढे नुसतं 'पटत नाही' चालत नाही.

दोष नेमका कोणत्या मोटरीत आहे हे कसं शोधायचं? आणि १२ मोटरींना ३० मिलिअँपिअर कमी पडतंय का?

प्रतिसाद १

डायरेक्ट अजिबात करू देऊ नका. काकांना हिशेब दाखवा. अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध ५ ओहम धरला तर बॉडीला फेज लागल्यावर जास्तीत जास्त २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअर जाणार. ३२ अँपिअरचा एमसीबी (जादा प्रवाहावर पडणारा स्विच) तेवढ्यावर लगेच पडत नाही, बराच वेळ घेतो. तोवर मागाची लोखंडी फ्रेम जिवंत आणि माणूस ओल्या फरशीवर.

कोपऱ्यातला माग आजच बंद करा. अर्थ नीट असेल तर बॉडी झिणझिणत नाही, त्यामुळे अर्थची तार तुटलेली किंवा नटाखाली गंज, यातलं एक असणार. मागाच्या हादऱ्याने नट ढिले होतातच. थ्री फेज मोटरीच्या बॉडीला दोन स्वतंत्र अर्थ हवेत, हा नियमच आहे. पुष्कळ कारखान्यांत एकच असते, तीही रंगावर कसलेली.

तुमचा आरसीसीबी बहुधा बिघडलेला नाही. ३० चा आरसीसीबी १५ ते ३० च्या मध्ये कुठेही पडू शकतो. प्रत्येक मोटर दोन-दोन मिलिअँपिअर गळत असेल तर बाराची बेरीज २४. म्हणून तर रोज वेगळाच माग गुन्हेगार वाटतो. तीन-तीन मागांना एक असे ३० चे वेगळे आरसीसीबी लावा आणि मेनला १०० किंवा ३०० चा, थोडा उशिरा पडणारा. गळणारा गट आपोआप कळेल.

मग त्या गटातल्या मोटरी ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या यंत्राने) तपासा. मेन बंद, हँडलला कुलूप, किल्ली तपासणाऱ्याच्या खिशात. स्टार्टरवरून तारा सोडवून वाइंडिंग ते बॉडी मोजायचं. १ मेगाओहमच्या खाली आली ती मोटर बाहेर. त्याआधी टर्मिनल बॉक्स उघडून बघा, आत रुई ठासून भरलेली असते आणि ती ओल धरते. परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्या.

प्रतिसाद २

शेडमधल्या ट्यूबलाइटही बघा. फेज आरसीसीबीच्या पुढून आणि न्यूट्रल मागून घेतलेलं असेल तर मोटरी ठणठणीत असूनही पडतो. आणि अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी कधी घातलं होतं? फरशीला रोज पाणी, खड्डा मात्र एप्रिल-मेमध्ये कोरडा ठाक, हे आपल्याकडे सर्रास दिसतं.

धागाकर्ता

कोपऱ्यातला माग बंद केला. मोटरीखालची अर्थपट्टी नुसती टेकलेली होती, नटच नव्हता. ४६ अँपिअरचा हिशेब काकांनी स्वतः कागदावर मांडून बघितला, वायरमनला आता ठेकेदार आल्यावरच बोलवायचं ठरलंय. खड्ड्याचा रोध मोजायला त्याच ठेकेदाराला सांगू, की त्यासाठी वेगळं यंत्र लागतं?

प्रतिसाद १

अर्थ टेस्टर वेगळा असतो, मेगरने ते होत नाही. येताना दोन्ही घेऊन या म्हणावं.