एमएसची गोळी मधेच बंद केली तर काय होतं?

सेलूकर: धाकटी बहीण ३१ वर्षांची, तिला एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस) आहे, म्हणजे शरीराच्याच पांढऱ्या पेशी मेंदू-मज्जारज्जूच्या नसांवर हल्ला करतात. तीन वर्षांपासून फिंगोलिमोडची गोळी चालू, तेव्हापासून एकही अटॅक (आजार अचानक उसळणं) नाही. आता सासरचे म्हणायलेत, "पोरगी ठणठणीत आहे, उगं महागाचं औषध कशाला? बंद करा, मूलबाळ होऊ द्या." दाजींच्या मामांनी साठीनंतर इंटरफेरॉनचं, म्हणजे एमएसच्याच दुसऱ्या औषधाचं, इंजेक्शन सोडलं, त्यांना काही झालं नाही म्हणे. खरंच सोडता येतं का?

लातूरची अक्का: भाऊ, मलाही एमएस आहे, म्हणून जरा लांबण लावते. फिंगोलिमोड पांढऱ्या पेशींना, म्हणजे लिम्फोसाइटना, लसिकागाठींत कोंडून ठेवतं. गोळी थांबली की महिना-दोन महिन्यांत त्या दावं तुटलेल्या खोंडासारख्या बाहेर पडतात. काहींचा आजार मग आधीपेक्षा जोरात उसळतो. असं क्वचितच होतं, पण झालं तर वाईट. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या सरकारी औषध नियामक संस्थेनं, २०१८ मध्ये तसा इशाराच दिला. असं झालेल्यांपैकी बहुतेकांचा बिघाड गोळी सोडल्यावर पहिल्या १२ आठवड्यांत दिसला होता, आणि आधी चालणारे काहीजण व्हीलचेअरवर आले.

मामांचं सोडा. इंटरफेरॉन बंद केल्यावर अशी उसळी सहसा येत नाही, शिवाय वय बघा. पंचावन्नच्या पुढच्या, पाच वर्षं अटॅक नसलेल्या २५९ जणांवर अभ्यास झालाय. दोन वर्षांत औषध सोडलेल्यांपैकी १२ टक्के आणि चालू ठेवलेल्यांपैकी ५ टक्के लोकांत आजार पुन्हा हलला, तोही बराचसा एमआरआयवरच. एकतिशीतल्या पोरीला हा हिशोब लावू नका.

मुलासाठी मात्र ही गोळी सोडावीच लागते, गर्भ राहण्याच्या दोन महिने आधी. तो मधला काळ कसा काढायचा, दुसरं कोणतं औषध द्यायचं, हे न्यूरोलॉजिस्टनं आधी ठरवायचं. सासरच्या ओसरीवर ठरवायची ही गोष्ट नव्हे. तोवर गर्भनिरोधक चालूच ठेवा.

औषधवाला, नांदेड: दोन आठवड्यांहून जास्त खंड पडला तर घरी परस्पर सुरू करू नका. पहिल्या डोसला नाडी मंदावते, दवाखान्यात सहा तास लक्ष ठेवावं लागतं. पैशाचीच अडचण असेल तर डॉक्टरला जनरिकचं विचारा, कंपनीगणिक भावात फरक असतो.

सेलूकर: आभारी आहे अक्का. मे महिन्यात तिचे पाय लई जड पडतात, तो अटॅकच का?

लातूरची अक्का: आपल्याकडच्या उन्हात माझेही पडतात. अंग गार झालं की उतरतं, ते उन्हाचं. ताप-इन्फेक्शन काही नसताना नवीन त्रास २४ तासांच्या वर टिकला तर लगेच डॉक्टरला फोन करायचा.