पोलिसांना आठ तासांची ड्युटी राज्यभर लावता येईल का?

मुलुंडकर: मे २०१६ मध्ये मुंबईतल्या देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला. आयुक्त होते दत्ता पडसलगीकर. पुढे तो मुंबईभर नेला. कायदा मात्र तोच: महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१, कलम २८, पोलीस सदैव कामावर आहे असं समजायचं. या कलमाच्या आडून बारा-चौदा तास राबवणं बंद करा. दोन रात्री जागलेला माणूस तक्रारदारावर खेकसणारच.

निवृत्त_फौजदार: आधी हिशेब मांडा. एक पॉइंट, म्हणजे पहाऱ्याची एक जागा, आठवडाभर अखंड चालवायचा म्हणजे १६८ तास. बारा तासांची ड्युटी, एक साप्ताहिक सुट्टी, तर अडीच माणसांत भागतं. आठ तासांना साडेतीन लागतात. रजा, आजारपण, कोर्टाच्या तारखा धरल्या की चारच्या वर. तालुक्याच्या ठाण्यात आरोपी पार्टी (आरोपींची ने-आण करणारे), समन्स-वॉरंट, गार्ड वजा केल्यावर ठाणे अंमलदार आणि एखादा बीटवाला (हद्दीत गस्त घालणारा) उरतो. आणा माणसं.

मुलुंडकर: बारा तासांत भागतंय म्हणूनच रिकाम्या जागा भरायची कुणाला घाई नाही, हे नाही दिसत?

काळा_कोट: मला वेगळीच अडचण दिसते. अटक झाली की २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर हजर करायचं. पाळी संपली म्हणून तपासी अंमलदार उठून गेला तर पंचनामा, रिमांड रिपोर्ट कोण करणार? हात बदललेला तपास उलटतपासणीत कसा उसवतो ते मी बघते. (उसवणारी मीच असते, ते सोडा.) सुप्रीम कोर्टाने पोलीस सुधारणांवरच्या प्रकाश सिंह निकालात २००६ सालीच सांगितलंय: तपास आणि कायदा-सुव्यवस्था वेगळे करा, सुरुवात दहा लाखांवरच्या शहरांपासून. ते केलंत तर बंदोबस्तवाल्यांना पाळ्या लावणं सोपं जाईल.

लाइनीतली_वहिनी: गणपतीच्या बंदोबस्ताला आमची ना नाही. पण साध्या मंगळवारीही हे रात्री अकराला येतात, कारण साहेब अजून केबिनमध्ये बसलेत. त्यांच्याआधी निघायचं नाही, एवढंच काम. हे थांबवायला कुठली भरती लागते?

निवृत्त_फौजदार: वहिनी, हे खरं आहे आणि वाईट आहे. तरी राखीव माणसं हातात लागतातच. रात्री दोन गटांत दगडफेक झाली तर एसआरपी (राज्य राखीव पोलीस) पोचेपर्यंत ठाण्यात असतील त्यांनीच निभवायचं.

मुलुंडकर: मग आळीपाळीने चौघांना राखीव ठेवा. रोज सगळ्यांना कशाला अडकवता?

निवृत्त_फौजदार: चौघांना घेऊन तुम्ही जमावासमोर उभे राहा, मग बोलू.