माहिती येणे थांबल्यावर कॉकपिटमधील डिस्प्लेने काय दाखवावे?

सयाजीगंज_विद्यार्थी (बडोदे)

नमस्कार. मी बडोद्यात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये आपल्या शहरात सी-295 विमानांच्या जुळणीच्या कारखान्याचे उद्घाटन झाले, तेव्हापासून आमच्या वर्गात विमानविद्येची ओढ वाढली आहे. आमच्या गटाने प्रकल्प म्हणून प्राथमिक उड्डाण डिस्प्लेचे, म्हणजे पीएफडीचे, सॉफ्टवेअर लिहायला घेतले आहे. एका संगणकावर सिम्युलेटर चालतो आणि तो विमानाची स्थिती (म्हणजे ते किती कलले आहे), वेग, उंची व दिशा दुसऱ्या संगणकाकडे पाठवतो. तिथे आम्ही मधोमध कृत्रिम क्षितिज (विमानाचा कल दाखवणारी रेषा), डावीकडे वेगाची पट्टी, उजवीकडे उंचीची पट्टी आणि खाली दिशा, अशी सर्वमान्य मांडणी ठेवली आहे.

चाचणीच्या वेळी दोन संगणकांमधील केबल काढली की काय व्हावे, यावर गटात एकमत नाही. शेवटचा मिळालेला आकडा तसाच ठेवावा असे काहींना वाटते, तर संपूर्ण पडदा काळा करावा असे काहींचे म्हणणे आहे. शिवाय दोन सेन्सर वेगवेगळी उंची सांगू लागले, तर त्यांची सरासरी दाखवणे योग्य ठरेल का? मार्गदर्शक प्राध्यापकांनी निर्णयामागची कारणे लेखी मागितली आहेत. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पडताळणी_बंगळूर

तुमचा प्रश्न या क्षेत्राच्या अगदी गाभ्याचा आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

शेवटचा आकडा तसाच ठेवण्याचा पर्याय आधी बाद करा. विमान सरळ आणि समपातळीत उडत असताना उंची, वेग व स्थिती जवळजवळ बदलतच नाहीत, त्यामुळे गोठलेला पडदा आणि चालू पडदा यांत वैमानिकाला काहीही फरक दिसत नाही. फरक कळतो तो विमान कलू लागल्यावर, आणि तोवर पडद्यावरचे क्षितिज त्याला सारे काही ठीक असल्याचे सांगत राहते. म्हणूनच सुरक्षेच्या विश्लेषणात माहिती दिसेनाशी होणे आणि चुकीची माहिती खरी म्हणून दिसणे, या दोन बिघाडांचा विचार वेगवेगळा केला जातो. सर्व डिस्प्लेंवर स्थितीची चुकीची माहिती एकाच वेळी दिसणे हा घातक वर्गातला बिघाड मानतात, आणि त्या वर्गाच्या बिघाडाची शक्यता उड्डाणाच्या दर तासाला एक अब्जांश इतकी किंवा त्याहून कमी असावी लागते. अशा कामाचे सॉफ्टवेअर डीओ-178सी या मानकाच्या ‘ए’ या सर्वांत कडक स्तरावर लिहिले आणि तपासले जाते.

ही भीती केवळ कागदावरची नाही. 2020 मध्ये अमेरिकेच्या एफएएने, म्हणजे तिथल्या विमानवाहतूक नियामकाने, बोइंग 787 साठी असा आदेश काढला की, विमानाचा वीजपुरवठा जास्तीत जास्त 51 दिवसांनी एकदा पूर्ण बंद करून पुन्हा चालू करावा. विमानातल्या अंतर्गत जाळ्यावरून येणारा संदेश किती जुना आहे हे तपासण्याची यंत्रणा दीर्घकाळ सलग वीज चालू राहिल्यास निकामी होऊ शकत होती, आणि त्यात आणखी एखाद्या बिघाडाची भर पडल्यास वैमानिकांना शिळी माहिती ताजी म्हणून दिसण्याचा धोका होता.

आता संपूर्ण पडदा काळा करण्याबद्दल. बोइंग 737 च्या एनजी मालिकेतील, डिस्प्लेच्या सॉफ्टवेअरची ठरावीक आवृत्ती असलेल्या विमानांत 2019 मध्ये असे आढळले की, काही विशिष्ट धावपट्ट्यांसाठीचा उतरण्याचा मार्ग निवडला की कॉकपिटमधील सहाच्या सहा पडदे काळे होत आणि दुसरी धावपट्टी निवडेपर्यंत काळेच राहत. अशा धावपट्ट्या सातच निघाल्या, पाच अमेरिकेत आणि दोन दक्षिण अमेरिकेत. त्यांच्या अक्षांश-रेखांशांचे आकडेच या बिघाडाला कारण ठरत होते. म्हणजे नकाशासाठी लागणाऱ्या एका माहितीमुळे क्षितिज, वेग आणि उंची हे सारे एकदम नाहीसे झाले. उंची आली नाही तर फक्त उंचीची पट्टी जावी आणि बाकीचे चित्र जसेच्या तसे चालू राहावे, हे तुमच्या रचनेत पहिल्या दिवसापासून असले पाहिजे.

प्रत्यक्ष विमानात एरिंक 429 या वाहिनीवरून 32 बिटांचे शब्द येतात आणि प्रत्येक संख्येसोबत तिच्या अवस्थेचे दोन बिट असतात. ते चार गोष्टी सांगू शकतात: माहिती नीट आहे, यंत्र बिघडले आहे, आत्ता गणना शक्य नाही, किंवा चाचणी चालू आहे. यातली ‘गणना शक्य नाही’ ही अवस्था नवख्यांच्या नजरेतून सुटते. विमान जमिनीवर उभे असताना वेग मोजण्यासाठी समोरच्या हवेचा दाब घेणाऱ्या पिटो नळीतला दाब इतका अल्प असतो की साधारण 30 नॉटच्या खाली वेग विश्वासाने मोजता येत नाही. तो बिघाड नव्हे, त्यामुळे तिथे बिघाडाची लाल खूण दाखवणे चुकीचे ठरेल. तुमच्या संदेशात असे अवस्थेचे बिट नसतील तर ते आजच घाला. नुसता आकडा पाठवणारी रचना डिस्प्लेच्या कामाची नाही.

कारेलीबाग_निवृत्त (बडोदे)

मी अनेक वर्षे विमानांच्या यांत्रिक उपकरणांच्या दुरुस्तीत घालवली, त्यामुळे जुन्या रचनेतली एक गोष्ट सांगतो. ती या मुलांना सॉफ्टवेअरमध्येही उपयोगी पडेल. स्थितीदर्शकाच्या काचेआड एक छोटी रंगीत पताका असे. ती स्प्रिंगच्या जोराने नेहमी समोर यायला बघे आणि विजेच्या प्रवाहाने तिला बाजूला धरून ठेवलेले असे. वीज गेली की पताका आपोआप समोर येई. बिघाड झाल्यावर कोणी तरी ती पुढे आणायची अशी योजनाच नव्हती, कारण बिघडलेल्या यंत्रावर तेवढाही भरवसा ठेवता येत नाही.

तुमच्या सॉफ्टवेअरमध्येही हाच क्रम ठेवा. उंचीच्या पट्टीची मूळ अवस्था ‘अवैध’ हीच असावी. ताजा, अवस्था नीट असलेला आणि शक्यतेच्या मर्यादेत बसणारा आकडा आला तरच ती पट्टी चितारली जावी, आणि तो हक्क प्रत्येक वेळी नव्याने मिळवावा लागावा. ‘बिघाड आढळला तर खूण दाखवा’ असे लिहिले, तर जो बिघाड तुम्हाला सुचला नाही त्याची खूण कधीच दिसणार नाही.

सरासरीचा विचार मात्र पूर्णपणे सोडा. 1 जानेवारी 1978 रोजी मुंबईहून दुबईला निघालेले एअर इंडियाचे 747 उड्डाणानंतर काही मिनिटांतच अरबी समुद्रात कोसळले आणि त्यातील 213 जण दगावले. कॅप्टनचा स्थितीदर्शक बिघडून विमान उजवीकडे कलल्याचे दाखवत राहिला, त्यांनी त्यावर विसंबून विमान डावीकडे वळवत नेले आणि रात्रीच्या समुद्रावर बाहेरचे क्षितिज दिसण्याची सोय नव्हती. अशा वेळी खऱ्या आणि खोट्या आकड्याची सरासरी काढली, तर दोन्ही वैमानिकांना सारखेच खोटे चित्र दिसेल आणि दोन यंत्रांत फरक पडला आहे हा एकमेव सुगावाही नाहीसा होईल. प्रत्येकाला आपापल्या बाजूच्या सेन्सरची माहिती दाखवा आणि फरक ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की दोघांच्याही पडद्यावर पिवळसर अक्षरांत सूचना द्या. तिसरे उपकरण वेगळे आणि स्वतंत्र ठेवतात ते अशा प्रसंगी खरे कोणाचे हे ठरवता यावे म्हणूनच.

सयाजीगंज_विद्यार्थी (बडोदे)

आपणां दोघांचे मनापासून आभार. काका, मूळ अवस्था अवैध ठेवण्याची आपली सूचना आम्ही लगेच अमलात आणत आहोत. एक अडचण उरते. आमच्या जाळ्यावर अधूनमधून एखादा संदेश गहाळ होतो. प्रत्येक वेळी पट्टी जाऊन पुन्हा येऊ लागली तर ती लुकलुकेल आणि वैमानिकाचे लक्ष विचलित होईल. तेवढ्यापुरता जुना आकडा ठेवणे चालेल का?

पडताळणी_बंगळूर

चालेल, पण किती काळ ते आधी लिहून ठरवा. एरिंक 429 वर उंचीचा शब्द सेकंदाला किमान 16 वेळा आणि स्थितीचा शब्द किमान 50 वेळा येणे अपेक्षित असते. त्यामुळे दोन-तीन संदेश चुकेपर्यंत जुना आकडा ठेवला, तर उंचीच्या बाबतीत तो काळ सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आतच राहतो. स्थितीसाठी मर्यादा याहून बरीच कडक हवी. सर्व माहितीला एकच कालमर्यादा लावण्याचा मोह होतो, तो टाळा. हवामानाच्या चित्राची गोष्ट निराळी आहे: जमिनीवरून पाठवलेले ढगांचे चित्र काही मिनिटे जुने असले तरी उपयोगाचे असते, फक्त ते किती जुने आहे हे त्याच्या शेजारी लिहिलेले असले पाहिजे.

काकांनी सांगितलेल्या तुलनेच्या सूचनेबद्दल एक भर घालतो, कारण ती असल्याचे मानून चालण्यातही धोका असतो. 737 मॅक्समध्ये आक्रमण-कोनाचे (पंख आणि समोरून येणारी हवा यांतील कोनाचे) दोन सेन्सर जुळत नसल्याची सूचना सर्व विमानांत असणे अपेक्षित होते, परंतु डिस्प्लेच्या सॉफ्टवेअरमध्ये ती कोन दाखवणाऱ्या ऐच्छिक दर्शकाशी जोडली गेली होती. परिणामी ज्या कंपन्यांनी तो दर्शक घेतला नव्हता त्यांच्या विमानांत ती सूचना चालतच नव्हती. बोइंगच्या अभियंत्यांना हे 2017 मध्ये कळले आणि ते जाहीर झाले 2019 मध्ये, दोन अपघातांनंतर. तेव्हा तुमच्या अहवालात प्रत्येक सूचनेपुढे ती कोणत्या अटींवर अवलंबून आहे हे लिहा आणि त्यातली एकेक अट मुद्दाम काढून चाचणी घ्या.

आणखी एक चाचणी सुचवतो. केबल काढू नका, तर चित्र काढणारा भागच मध्येच थांबवा आणि माहिती मात्र येत राहू द्या. अशा वेळी अवस्थेचे बिट नीट असतात, संदेशही ताजे असतात, तरी पडदा गोठलेला असतो. प्रत्यक्ष विमानात यासाठी पडद्यावर काय उमटले ते परत वाचून मूळ माहितीशी ताडून पाहणारा स्वतंत्र भाग ठेवतात. तुमच्याकडे दुसरा संगणक आहेच. पीएफडीने चितारलेल्या क्षितिजाचा कोन त्याच्याकडे परत पाठवा, आणि जुळला नाही तर पडदा अवैध ठरवण्याचा अधिकार त्याच संगणकाला द्या.