विषय: ऑनलाइन मराठी शाळा, मार्चचा खर्च

नमस्कार मंडळी,
गेल्या मार्चच्या हिशोबात ‘बदली शिक्षक’ या नावाने बराच खर्च पडलाय. मुलं तेवढीच, तास तेवढेच. सांगलीच्या बाईंनी दर वाढवला की काय?
– खजिनदार, न्यू जर्सी

काका, नमस्कार.
दर तोच आहे. बाई शनिवारी संध्याकाळी साडेसातला लंडनची मुलं घेतात (तिकडे दुपारचे दोन) आणि साडेआठला तुमची (सकाळचे दहा). हिवाळाभर हे नीट चालतं. पण मार्चमध्ये उन्हाळी वेळेसाठी तुमचं घड्याळ तासभर पुढे जातं, इंग्लंडचं त्यानंतर तीन आठवड्यांनी. यंदा तुमचं ८ मार्चला पुढे जाणार, इंग्लंडचं २९ मार्चला. सांगलीतलं घड्याळ आहे तिथेच! म्हणजे १४, २१ आणि २८ मार्चला दोन्ही वर्ग आमच्याकडे साडेसातलाच. गेल्या मार्चलाही असंच झालं, म्हणून एका वर्गाला बदली शिक्षक लागल्या.

त्यात मार्च म्हणजे बोर्डाचे पेपर तपासायचे दिवस. बदलीला येणाऱ्या मिरजेच्या बाईही एरवी इथल्या शाळेत शिकवणाऱ्याच. ऐनवेळी फोन केला की त्या दीडपट मागतात, आणि द्यावे लागतात.

हा खर्च निदान कागदावर दिसतो. सिएटलच्या मुलांचा दिसतच नाही. त्यांचेही सकाळचे दहा, म्हणजे उन्हाळ्यात आमचे रात्रीचे साडेदहा, हिवाळ्यात साडेअकरा. तुमचा वर्ग संपल्यावर बाई दोन तास नुसत्या बसून, बिनपगारी. आधीच्या बाई याच जाचाला कंटाळून गेल्या. नव्या बाईंची मुलांशी ओळख होईपर्यंत अर्धं सत्र सरलं. ते कुठल्या खात्यात लिहायचं?
– शाळेची समन्वयक, विश्रामबाग, सांगली

ताई, आम्ही सिएटलवाले सकाळी आठला बसलो तर? सॉकरसाठी पोरांना उठवायचंच असतं.
– एक पालक

उत्तम! न्यू जर्सीचा वर्ग सुटला की लगेच तुमचा. फक्त मार्चचे ते तीन शनिवार न्यू जर्सीने अकराला यायचं, तुम्ही नऊला.
– समन्वयक

नऊला तर सॉकर.
– तोच पालक

मग ते तीन शनिवार सिएटलचा वर्ग दहालाच ठेवा, बाईंच्या रिकाम्या तासाचे पैसे मंडळ देईल. बदलीपेक्षा स्वस्तच पडेल. न्यू जर्सीच्या पालकांनो, अकराला कोणाची अडचण असेल तर या रविवारपर्यंत कळवा.
– खजिनदार

काका, ३१ ऑक्टोबरचा शनिवारही लिहून ठेवा. त्या आठवड्यात इंग्लंडचं घड्याळ मागे गेलेलं असेल, तुमचं नाही.
– समन्वयक