मदत हवी आहे: ३५ हजारांच्या संगणकात प्रोसेसरच्या सहा कोअरचा खरोखर उपयोग होतो, की तो खोक्यावरचा आकडाच ठरतो?

नमस्कार मंडळी,

माझी धाकटी बहीण बी.एस्सी. आयटीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पायथन, जावा आणि दिवाळीनंतर सुरू होणारे अँड्रॉइड स्टुडिओ या ॲप बनवण्याच्या सॉफ्टवेअरवरचे प्रकल्पाचे काम यांसाठी तिला एक डेस्कटॉप जुळवून द्यायचा आहे. मॉनिटर आणि कीबोर्ड घरात आहेत. बाकी सगळे मिळून ३५ हजारांच्या पुढे आम्हाला जाता येणार नाही, त्यामुळे वेगळ्या ग्राफिक्स कार्डाचा प्रश्नच नाही.

गेल्या शनिवारी ग्रँट रोडला उतरून आम्ही दोघांनी मुंबईतला संगणकांचा बाजार, म्हणजे लॅमिंग्टन रोड, पालथा घातला. एका दुकानात इंटेलच्या 'आय सेव्हन' प्रोसेसरचा वापरलेला संगणक फार स्वस्तात दाखवला. जनरेशन कोणती, हे तीनदा विचारूनही उत्तर मिळेना, तेव्हा बहिणीने संगणक सुरू करून बायोसचा (संगणकाच्या मूळ सेटिंगचा) पडदा उघडायला लावला आणि तिथे आय७-४७७० हे नाव दिसले. हा २०१३ सालचा, चौथ्या जनरेशनचा प्रोसेसर. त्यात चार कोअर (स्वतंत्रपणे काम करणारे भाग) आणि आठ थ्रेड (एका वेळी हाताळता येणारे कामांचे प्रवाह) आहेत, आणि जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या आय३-१२१०० मध्येही नेमके तेवढेच आहेत. तरीही नऊ वर्षांत एकेका कोअरची रचनाच इतकी सुधारली आहे की हा 'थ्री' त्या 'सेव्हन'ला सहज मागे टाकतो. शिवाय विंडोज ११ च्या अधिकृत यादीत चौथी जनरेशन नाही आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विद्यार्थ्यांना निव्वळ 'सेव्हन' या आकड्यावर असे संगणक विकले जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

दुसऱ्या दुकानात कार्डाच्या मागे पेनाने कोटेशन लिहून मिळाले, त्यात प्रोसेसरपुढे फक्त '५६००' एवढेच होते. एएमडीच्या रायझन ५ ५६००जी मध्ये ग्राफिक्स आतच असते, पण एल३ कॅश (प्रोसेसरमधली जलद मेमरी) १६ एमबी असते. नुसत्या ५६०० मध्ये ती ३२ एमबी असते, पण ग्राफिक्स नसल्याने वेगळ्या कार्डाशिवाय मॉनिटरवर काहीच दिसत नाही. इंटेलच्या नावापुढे 'एफ' असेल तरी हीच अडचण येते. एका अक्षराने एवढा फरक पडत असताना ते कोटेशनमध्ये लिहून घ्यायलाच हवे, असे माझे मत झाले आहे.

आता निवड आय३-१२१०० आणि ५६००जी यांच्यात आहे. माझ्या वाचनानुसार एका कोअरच्या वेगात आय३ पुढे आहे, तर ५६००जी मध्ये सहा कोअर व बारा थ्रेड असल्याने बिल्ड करताना (कोडपासून ॲप तयार करताना) आणि सोबत एम्युलेटर (संगणकावरचा आभासी फोन) चालू असताना त्यांचा फायदा व्हायला हवा. पण प्रोसेसरवर जास्त खर्च केला, तर रॅम ८ जीबीवर अडकेल, ही मला खरी भीती वाटते. आतले ग्राफिक्स त्याच रॅममधून वाटा घेते, आणि अँड्रॉइड स्टुडिओला १६ जीबी हवीच, असे बहिणीच्या सरांनीही सांगितले आहे.

या दोहोंपैकी एखाद्या प्रोसेसरवर ज्यांनी अँड्रॉइड स्टुडिओ रोज वापरला आहे, त्यांनी कृपया सांगावे: एम्युलेटर चालू असताना आय३ चे चार कोअर अपुरे पडतात का? की आय३ घेऊन उरलेल्या पैशांत ८ जीबीच्या दोन रॅम आणि एनव्हीएमई एसएसडी (वेगवान स्टोरेज) बसवणे शहाणपणाचे ठरेल? पुढच्या शनिवारी पुन्हा लॅमिंग्टन रोडला जाणार आहोत, त्याआधी उत्तर मिळाल्यास फार मदत होईल.