'वाफसा' कुंडीला म्हणता येईल का?

जुळे सोलापूर : प्रिमरोझ या फुलझाडाच्या बियांच्या पाकिटावर इंग्रजीत लिहिलंय, माती कायम ओली हवी पण पाणी साचू नये. याला मराठीत एक शब्द आहे का? 'दमट' म्हटलं की हवा आठवते आणि 'ओलसर' सांगितलं की सासूबाई रोज तांब्याभर पाणी ओततात.

बांधावरचा : आहे की! वाफसा. आमच्याकडं वापसा म्हणतात, दोन्ही चालतं. पाऊस उघडला, रानातला चिखल गेला, पण माती अजून वाळली नाही. कणांमध्ये पाणीही आहे अन् हवाही, तो वाफसा. मूठभर माती दाबा. गोळा झाला आणि बोटानं टोचल्यावर फुटला, तर वाफसा आहे. बोटांतून पाणी निथळलं तर नाही. 'वाफसा आला की कुळव घाल', 'रान वाफशावर आलं' असं बोलतात.

शब्दवेडी : 'घात' पण म्हणतात ना?

बांधावरचा : हो, 'घातीवर पेरणी'. पण कुंडीवर 'घात' लिहू नका ताई, वाचणाऱ्याला दगाफटकाच वाटेल.

शब्दवेडी : शब्द रानाचा आहे, कुंडीला जरा मोठा होतो. तरी मला चालेल. रानाला वाफसा येतो, कुंडीत तो आणावा लागतो, एवढाच फरक.

बांधावरचा : आणि आपल्या काळ्या मातीनं तो आणणं अवघड. भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. मधली अवस्था कुंडीत फार टिकत नाही. रब्बी ज्वारीला तीच माती सोनं, कारण खोलवर ओल धरून ठेवते. प्रिमरोझची मुळं वरवर असतात. त्याला पालापाचोळ्याचं खत, थोडी वाळू आणि खाली मोकळं भोक हवं. गड्डा, म्हणजे पानं जिथून फुटतात तो मधला भाग, मातीत पुरू नका, पाणी पानांवर नको. नाहीतर कुंडी चिबडते आणि गड्डा कुजतो. 'चिबड' हा वाफशाचा उलटा शब्द, तोही टिपून ठेवा.

नवखा : मेडिकलमध्ये प्रिमरोझ तेलाच्या गोळ्या मिळतात, तेच का हे?

शब्दवेडी : नाही हो. त्या ईव्हिनिंग प्रिमरोझच्या, म्हणजे ओएनोथेराच्या. कुळ वेगळं, मूळ अमेरिकेचं, फुलं संध्याकाळी उमलतात. आपलं हे प्रिम्युला. लॅटिनमध्ये 'प्रिमा रोझा' म्हणजे पहिला गुलाब. युरोपात वसंताच्या सुरुवातीलाच फुलतं म्हणून. गुलाबाशी नातं काही नाही.

जुळे सोलापूर : मग बी दिवाळीनंतर टाकू?

बांधावरचा : बी उजेडात रुजतं, मातीनं झाकायचं नाही, गारवाही लागतो. पण पेरल्यापासून फूल यायला चार-पाच महिने जातात, आणि आपली थंडी तेवढी कुठं टिकते? दिवाळीला पेरलं तर कळ्या येईपर्यंत चैत्राचं ऊन. त्यापेक्षा डिसेंबरात रोपवाटिकेतून तयार रोप आणा, पूर्वेच्या कोवळ्या उन्हात ठेवा. होळीनंतर मात्र वाफसा असो नसो, झाड जातंच. हवं असेल तर पुढच्या वर्षी नवं.

जुळे सोलापूर : म्हणजे पाकिटाचे पैसे गेले! असो. कुंडीवर 'वाफशावर ठेवा' लिहिते, सासूबाई शेतातल्या आहेत, त्यांना बरोबर कळेल.