ई-सायकल बदलली: 52 हजार कारणी लागले की पाण्यात गेले?

डहाणूकरवासी

मागच्या महिन्यात जुनी ई-सायकल दिली आणि त्याच जातीची सुधारित घेतली. एक्स्चेंज वजा जाता खिशातून 52 हजार गेले. ओळखीतल्या प्रत्येकाने 'वेडा आहेस' हे आपापल्या शब्दांत सांगून झालंय, आता अनोळखी लोकांचंही ऐकून घेतो.

माझा रस्ता पुण्यातला: डहाणूकर कॉलनी, वनाज, चांदणी चौक, पाषाण, बाणेर. एका बाजूने 11 किमी. बाहेरगावच्यांसाठी सांगतो, वनाज सोडलं की चांदणी चौकापर्यंत चढच चढ. 2022 मध्ये तिथला जुना पूल पाडला, 2023 च्या ऑगस्टात नवे उड्डाणपूल आणि रॅम्प खुले झाले. गाड्यांची सोय झाली, चढ जिथल्या तिथे.

कागदावर बदललं ते एवढंच: बॅटरी 36 व्होल्ट 7.8 अँपिअर-अवरची होती ती 10.4 ची झाली, केबलचे डिस्क ब्रेक जाऊन हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावरचे, आले, आणि पेडलला टॉर्क सेन्सर आला. मोटर तीच, मागच्या चाकात, 250 वॉट.

दुकानदार सगळा वेळ बॅटरीबद्दल बोलत होता. माझ्या मते पैसे वसूल झाले ते सेन्सरमध्ये. जुनीला पेडलपाशी चुंबकांची चकती होती. पाय फिरतोय की नाही, एवढंच तिला कळायचं. सिग्नल सुटला की पहिला अर्धा फेरा ते 24 किलोचं धूड स्वतःच रेटायचं, मग मोटर जागी होणार आणि एकदम मागून ढकलणार. वनाजच्या सिग्नलला दोनदा पुढच्या रिक्षाला जाऊन टेकलोय. रिक्षावाले काय बोलले ते इथे लिहीत नाही. नवी सायकल पायाचा दाब मोजते. हळू दाबलं की हळू, जोर लावला की जोर. आधी मी सायकलवरचं सामान होतो, आता चालवतोय असं वाटतं.

रेंज कंपनी 70 किमी सांगते. माझं वजन 82, मला 45 मिळतात. जाऊन-येऊन 22, त्यामुळे ऑफिसात चार्जर न्यावा लागत नाही.

माझं मत: 12 किमीच्या आत ऑफिस असेल तर अशी सायकल असताना स्कूटरला हात लावायची गरज नाही. झोडपा आता.

हिशेबनीस

झोडपत नाही, फक्त आकडे मांडतो. 22 किमी रोज, महिन्याला 22 दिवस, म्हणजे 484 किमी. स्कूटर 45 चं ॲव्हरेज देते असं धरलं तर पावणेअकरा लिटर पेट्रोल. 104 च्या भावाने साधारण 1,120 रुपये. सायकलला तेवढ्याच अंतराला पाचेक युनिट वीज, म्हणजे पन्नास-साठ रुपये. महिन्याची बचत हजार-अकराशे. 52 हजार फिटायला चार वर्षं.

आता बॅटरी. असली लिथियम बॅटरी 500 ते 800 वेळा पूर्ण भरता-रिकामी करता येते, पुढे तिचा जोर ओसरतो. तुम्ही रोज निम्मी वापरता, म्हणजे महिन्याला 11 चक्रं. 500 चक्रांना पावणेचार वर्षं. म्हणजे पैसे वसूल व्हायला आणि बॅटरीने मान टाकायला एकच मुहूर्त.

आणि हा हिशेबही तुमच्या बाजूने झुकवून केलाय. खरं तर बचत शून्य आहे साहेब. जुनी सायकल काय पेट्रोल पीत होती? 15 हजारांची नवी बॅटरी जुनीतच टाकली असती तर 37 हजार घरात राहिले असते.

डहाणूकरवासी

शेवटचा मुद्दा लागला, मान्य. पण एक गोष्ट मी लिहायची विसरलो. तिसऱ्या वर्षी जुनी 15-16 किमीवर बसायला लागली होती. परतीच्या वाटेवर पाषाणलाच डिस्प्लेवरची शेवटची दांडी लुकलुकायची. त्यामुळे आठवड्यातले चार दिवस मी स्कूटरच काढत होतो. सायकल होती, पण पार्किंगमध्ये. नवी बॅटरी टाकून रेंज आली असती, रिक्षाला टेकणं थांबलं नसतं.

बिनमोटरचा

वय 47. पंधरा वर्षं सायकलनेच कामाला जातो. 18 हजारांची गिअरची सायकल, वजन 13 किलो. तुमचा चढ मीही रोज चढतो, भुसारी कॉलनीतून.

मला या ई-सायकलींचं गणितच कळलेलं नाही. चढ आहे म्हणून मोटर लावली. मोटरला बॅटरी लागली. दोन्हींनी वजन दुप्पट झालं. आता वजन ओढायला मोटर पाहिजे. पुढे 28 दातांचं लहान चक्र, मागे 34 चं मोठं, एवढ्यावर कुठलाही धडधाकट माणूस चांदणी चौक चढतो. पहिले पंधरा दिवस मांड्या बोलतात, नंतर गप्प बसतात. चार्जर नाही, कंट्रोलर नाही, पावसात काळीज धडधडणं नाही. तुमची बॅटरी सपाट झाली की उरतं काय? जगातली सगळ्यात वाईट सायकल.

डहाणूकरवासी

@बिनमोटरचा, मांड्या गप्प बसतात, घाम बसत नाही. तुमच्या ऑफिसात आंघोळीची सोय आहे का? आमच्याकडे वॉशरूममध्ये हात वाळवायचं यंत्र आहे, मी काही काळ त्याखाली शर्ट धरून उभा राहिलेला माणूस आहे.

थोडं गणित मीही केलंय. मी आणि सायकल मिळून 106 किलो. पाच टक्क्यांचा चढ ताशी 12 ने चढायला सव्वादोनशे वॉटच्या आसपास ताकद लागते. त्यातले 70 मी घालतो, उरलेले मोटर. तुमची सायकल हलकी असली तरी त्याच वेगाला पावणेदोनशे-दोनशे वॉट एकट्या पायांतून काढायचे. तुम्ही काढत असाल, पंधरा वर्षांची तालीम आहे. मी काढले की नऊच्या मीटिंगला शेजारची खुर्ची रिकामी राहते.

सुसाट

ताशी 25 किमीला मोटर बंद पडते त्याचं काय करता? डिस्प्लेचं बटण दाबून धरलं की सेटिंग उघडतं, तिथे 25 चं 35 करा. सगळे करतात.

आइंडहोवनकर

@सुसाट, असले सल्ले नका देऊ. भारतातल्या नियमात सूट आहे ती मोटर 250 वॉटच्या आत आणि वेग 25 च्या आत असेपर्यंत. म्हणूनच नोंदणी नाही, लायसन नाही, विमा नाही. 35 केलंत की कायद्याच्या नजरेत ती बिननंबरची मोटारसायकल. कुणाला धडक बसली तर सगळं तुमच्या अंगावर.

इकडे नेदरलँड्समध्ये नव्या विकल्या जाणाऱ्या सायकलींपैकी निम्म्याच्या आसपास इलेक्ट्रिक असतात, मर्यादा तीच 25 ची. 45 पर्यंत जाणारी वेगळी जात आहे, तिला नंबरप्लेट लागते आणि 2017 पासून हेल्मेटही. तरी शाळकरी पोरं जाड टायरच्या सायकलींची मर्यादा 'उघडून' त्या पळवतातच आणि त्यावर इथे रोज वाद चालू असतात. म्हणजे हे दुखणं फक्त आपलं नाही.

जाता जाता, माझे 68 वर्षांचे डच शेजारी ई-सायकल घेतल्यापासून आधीच्या दुप्पट फिरतात. पण इथे चढ नाही, समोरून वारा आहे. आणि दारापासून दारापर्यंत सायकलचा वेगळा रस्ता आहे. तो नसता तर ते फिरले असते का, शंकाच आहे.

नळस्टॉप

रस्त्याचा विषय काढलात म्हणून. पुण्याची सायकल योजना 2017 मध्ये मंजूर झाली. त्याच सुमाराला भाड्याच्या रंगीत सायकली आल्या, बघता बघता गायब झाल्या. ट्रॅक आहेत, पण त्यावर कुठे विजेची डीपी, कुठे भेळेची गाडी, कुठे ट्रॅक फुटपाथवर चढून झाडाला जाऊन भिडतो. टॉर्क सेन्सर असो नाहीतर विमानाचं इंजिन, उजवीकडून पीएमपीची बस आणि डावीकडून उलटा येणारा बुलेटवाला या दोघांच्या मधूनच जायचंय. माझा विरोध सायकलीला नाही, 52 हजारांना आहे. बाकी चालू द्या.

पाना_नंबर_18

हडपसरला दुकान आहे, महिन्याला दहा-बारा ई-सायकली हाताखालून जातात. सेन्सरबद्दल धागाकर्ते डहाणूकरवासी बरोबर बोलतात. पण रोजच्या वापरात सायकल अडते ती पंक्चरला.

मागच्या चाकात मोटर. चाक काढायचं म्हणजे आधी वायरचा कनेक्टर सोडवा, मग 18 चा पाना लावून दोन्ही नट, मग आतला टॉर्क वॉशर. त्याला एक नाक असतं, ते फ्रेमच्या खाचेत बसलं पाहिजे. उलटा बसला की पहिल्याच चढावर ॲक्सल जागच्या जागी फिरतो आणि वायर पिळवटून तुटते. असं एक चाक आत्ता माझ्या समोर भिंतीला टेकून आहे. गिऱ्हाईक म्हणतं मोटर खराब निघाली. मोटर चांगली आहे, पंक्चर काढणाऱ्याने मारली.

म्हणून साध्या पंक्चरला चाक काढूच देऊ नका. टायरची एक कड रिमवरून उतरवायची, ट्यूब बाजूने बाहेर ओढायची, तिथेच पाण्याच्या घमेल्यात धरून बुडबुडे बघायचे, घासून पॅच लावायचा. रस्त्याकडेचा माणूस वायर बघून 'आपल्याकडे होत नाही' म्हणतो, त्याला एवढं सांगा, तयार होतो.

अजून एक. उभ्या सायकलला जागेवरून थ्रॉटल पिळू नका. या मोटरीत आत नायलॉनचे गिअर असतात, ते झिजतात. आधी दोन पेडल मारा. आणि हायड्रॉलिक ब्रेक छान, पण ऑइल बदलून हवा काढून देणारा मिस्त्री जवळपास आहे का, ते घ्यायच्या आधी विचारायचं असतं.

डहाणूकरवासी

पाना, तुमच्या पायाचे फोटो टाका, नमस्कार करतो. माझ्या जुनीची वायर पण अशीच तुटली होती, दुकानाने मोटरचेच पैसे लावले होते.

ब्रेकचा मिस्त्री कोथरूडमध्ये एक सापडलाय. पावसात चांदणी चौकातून वनाजकडे उतरताना दोन बोटांत सायकल थांबते, जुनीला अख्खी मूठ आवळावी लागायची. हे सोडणार नाही.

गंगापूररोड

नाशिकहून. शाळेत शिकवते, घरापासून 6 किमी. तुम्हा सगळ्यांचं वॉट आणि व्होल्ट वाचून झालं, आता माझं ऐका.

मागच्या वर्षी मी पण 'सुधारित' मॉडेल बघायला गेले होते. चार सायकली दाखवल्या. एकीलाही कॅरिअर नाही, मडगार्ड नाही, चेनकव्हर नाही. दांडी अशी की साडीत पाय पलीकडे टाकायचा तर आधी पदर सांभाळा, मग तोल. दुकानातला मुलगा म्हणाला, मॅडम, हा स्पोर्टी लूक आहे. मी म्हटलं, बाळा, वह्यांचा गठ्ठा कुठे ठेवू, लूकवर?

रोजच्या कामाची सायकल म्हणून विकता आणि रोज लागणाऱ्या वस्तू वेगळ्या घ्यायला लावता. माझ्या आईच्या लेडीज सायकलला हे सगळं होतं, वर डायनामो होता. शेवटी मी बिनलायसनची छोटी इलेक्ट्रिक स्कूटर घेतली, 25 चीच. पायाला व्यायाम नाही, पण पुढे पिशवी राहते आणि मागे मुलगा बसतो.

डहाणूकरवासी, तुमच्या 52 हजारांत मडगार्ड होतं का?

डहाणूकरवासी

ताई, नव्हतं. पहिल्या पावसात पाठीवर चिखलाचा पट्टा घेऊन ऑफिसात गेलो.

तिसरा_मजला

आमच्या सोसायटीत पार्किंगमध्ये बॅटरी चार्ज करायला बंदीची नोटीस लागलीय. तुम्ही कसं करता?

डहाणूकरवासी

बॅटरी किल्लीने निघते, वर नेतो. अडीच किलोच्या आसपास. रात्री आठला हॉलमध्ये फरशीवर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर लावतो, झोपायच्या आधी काढतो. सोफ्यावर किंवा गादीवर ठेवून आणि रात्रभर, कधीच नाही. आणि चार्जर तिचाच, दुसरी पिन बसते म्हणून बसवायची नाही.

बिनमोटरचा

वाद टंकून मिटत नाही. रविवारी सकाळी साडेसहाला वनाज मेट्रो स्टेशनखाली या. सायकली बदलून चढू.

डहाणूकरवासी

आलो.

बिनमोटरचा

रविवारचा वृत्तांत. त्यांची सायकल घेऊन दहा मिनिटांत वर पोचलो, वाटेत शिट्टी वाजवली. सेन्सर चांगला आहे, एवढं कबूल. पाय आणि मोटर यांच्यात मला फट जाणवली नाही, आणि ब्रेक तर मला माझ्या सायकलला हवेत. मत मात्र तेच आहे. सपाटीला 25 च्या पुढे मोटर साथ सोडते, मग ते लोढणं तुमचं तुम्ही ओढा. पुलावर दुभाजकापलीकडे न्यायला उचलायला गेलो तर कमरेत लचक भरली.

डहाणूकरवासी माझ्या सायकलवर मागून आले. किती वेळाने ते त्यांनीच सांगावं.

डहाणूकरवासी

19 मिनिटं. मधे थांबलो नव्हतो, पाणी प्यायलो. गिअर पहिल्यांदाच उलटे टाकले, त्यात चेन उतरली.

हिशेबनीस

लचकेच्या मलमाचे पैसे कुठल्या खात्यात धरायचे?

गंगापूररोड

ते राहू द्या. मडगार्ड बसवलं का?

डहाणूकरवासी

बसवलं ताई. दोन्ही मिळून 650. मागचं अजून टायरला घासतंय, शनिवारी पुन्हा दाखवायला जाणार.